आई बरी झाल्याबद्दल तक्रार

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार असे लिहिण्यासाठी पेन उचलले होते. परंतु एकदा साष्टांग पडल्यावर हातांचा आधार न घेता मला उठता येत नाही, हे गेल्या आठवड्यात सात-आठ बायकांच्या साक्षीने सिद्ध झाले आहे. तेव्हा उभ्यानेच नमस्कार करते, तो साष्टांग समजून घे. तुझी मान आता कशी आहे? काकांची साखर आटोक्यात आहे का, की अजूनही तू डबे लपवतेस आणि ते शोधून काढतात? आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. त्यातही आई जरा जास्तच खुशाल आहे, आणि हे पत्र त्याच तक्रारीचे आहे.

परवा तू फोनवर विचारलेस, "अगं, तुझ्या आईला झालंय तरी काय? फोन केला की धापा टाकत 'मागाहून बोलते' म्हणते आणि ठेवून देते." त्या वेळी बाबा शेजारी उभे असल्यामुळे मी "काही नाही, बरी आहे" एवढेच त्रोटक उत्तर दिले. (मला फोनवर नीट बोलता येत नाही, हे तू जाणतेसच. समोरचा माणूस माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत नाही, कागद थांबतो.) आता सविस्तर लिहिते.

वर्षभरापूर्वीची आई तुला आठवत असेल. पाळी थांबण्याच्या त्या सगळ्या दिवसांत तिचे हाल झाले. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना तिच्या छातीतून अशी वाफ उसळायची की तिचाच चष्मा धुरकट होई, आणि गिऱ्हाईक घाबरून विचारी, "बाई, तुम्हाला दिसतंय ना?" रात्री झोप नाही, दिवसा गुडघे, आणि मधल्या वेळात राग. बाबांच्या चावण्याचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू येत असे. शेवटी तिने त्यांना घरात काकडी खाण्यास मनाई केली. बाबांनी "काय होतंय तुला?" असे विचारले की ती "काही नाही" म्हणायची, आणि मला मात्र सगळे सांगायची. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी वाचनालयात जात असू. पुस्तके बदलून मागच्या बाकावर बसत असू, थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने चहा पीत असू, आणि आई आपल्या वाफांविषयी बोलत असे. मावशी, कोणाला सांगू नकोस, पण ते दिवस मला फार आवडत. आई दुःखी होती हे वाईटच. पण ती माझ्यापाशी दुःखी होती.

साहजिकच तिला बरे करण्याची जबाबदारी मी स्वतःवर घेतली. पाठ्यपुस्तकांच्या मुद्रणालयात मुद्रिते तपासता तपासता 'संप्रेरके' हा धडा माझ्या नजरेखालून इतक्या वेळा गेला आहे की तो मला पाठच आहे. (सगळे जण 'हार्मोन' म्हणतात. म्हणोत.) शिवाय वाचनालयातील तीन जाडजूड ग्रंथ मी टिपणांसह वाचले. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कसे घटते, त्यामुळे हाडांची घनता का कमी होते, पुरुषांमध्ये ही उतरण कशी संथ असते, स्नायूंचे महत्त्व काय, झोपेचे काय, हे सर्व मी आईला भाग पाडून समजावले. समजले की नाही याची खात्री करून घेण्यासाठी एक प्रश्नपत्रिकाही काढली. रिकाम्या जागा भरा, योग्य जोड्या लावा, शास्त्रीय कारणे द्या, आणि कोणतीही एक टीप लिहा. अंतर्गत पर्याय दिले होते, हे लक्षात घे. माझ्या शिक्षकांनी मला ते कधी दिले नाहीत. आईने जोड्यांमध्ये थायरॉईडची जोडी बाबांशी लावली, आणि 'शास्त्रीय कारणे द्या' याखाली लिहिले, "कारण कळलं तरी घाम थांबत नाही." विषयांतर म्हणून मी अर्धाच गुण कापला. तरीही ती रुसली.

या नाजूक टप्प्यावर शिंपीणकाकू आमच्या आयुष्यात शिरल्या. त्या खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवतात. त्यांनी एकही ग्रंथ वाचलेला नाही. आई माप द्यायला गेली असता घामाने टेप तिच्या पाठीला चिकटली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, माझंपण असंच झालेलं. मी तर बटण तुटलं म्हणून तासभर रडले. चला की माझ्या डॉक्टरबाईंकडे." आणि आई गेली! ज्या आईला मी तीन ग्रंथांच्या आधारे डॉक्टरांकडे जाण्याविषयी विनवत होते, ती एका तुटलेल्या बटणाच्या आधारे गेली. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, घराण्यातील आजारांची चौकशी केली, तिला झेपतील अशी औषधे दिली आणि सांगितले की वजने उचला, जेवणात प्रथिने वाढवा, झोपेची वेळ मोडू नका. हे सगळे माझ्या टिपणांच्या दुसऱ्या प्रकरणात शब्दशः आहे. मी आईला ते उघडून दाखवले. आई म्हणाली, "हो गं, अगदी तेच सांगितलं त्यांनी. फक्त परीक्षा नाही घेतली."

काही महिन्यांत वाफा ओसरल्या. आई झोपू लागली. बाबांना काकडी परत मिळाली. दवाखान्याच्या वरच्या दालनात पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा व्यायामवर्ग भरतो, तिथे आई आणि शिंपीणकाकू जाऊ लागल्या. आणि हा वर्ग कोणत्या वारी भरतो, तर शनिवारी संध्याकाळी. पहिल्या शनिवारी आईने मला तिची पुस्तके दिली आणि म्हणाली, "माझी तेवढी बदलून आण हं." मी बदलून आणली. थर्मासचे झाकण सगळे माझ्या एकटीच्या वाट्याला आले. चहा बेचव होता असे नाही. पण संपता संपेना.

बाबांचे आणखी निराळेच. आई जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढू लागल्यावर आपण मागे पडत आहोत असे त्यांच्या मनाने घेतले. कचेरीतील एका सहकाऱ्याने त्यांना पुरुषांच्या उतारवयावरचा उपाय म्हणून चूर्णाचा एक डबा विकला; त्यावर उधळलेल्या घोड्याचे चित्र होते. बाबा रोज दुधातून घोडा घेऊ लागले. घोड्याचा वेग दिसला, पण तो केवळ शौचालयाच्या दिशेने. अखेर आईनेच त्यांना ओढत डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी डबा बंद करायला लावला आणि टेस्टोस्टेरॉन सकाळच्या वेळी तपासायला सांगितले. प्रमाण वयाला अनुसरून अगदी योग्य निघाले. बाबांना हा अपमान वाटला. "म्हणजे हे पोट, ही दमछाक, हे घोरणं, सगळं माझं मीच केलंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "हो." तेव्हापासून बाबा रोज चालायला जातात आणि वाटेत भेटेल त्याला, विचारलेले नसतानाही, "माझं नॉर्मल आहे बरं का" असे सांगतात. परवा मात्र बरणीचे झाकण त्यांना उघडेना. आईने ते एका हाताने फिरवले आणि बरणी त्यांच्यासमोर ठेवून निघून गेली. बाबा बराच वेळ त्या झाकणाकडे पाहत होते. त्या क्षणी त्यांच्याविषयी मला जितका जिव्हाळा वाटला, तितका पूर्वी क्वचितच वाटला असेल.

गेल्या शनिवारी मी वर्ग पाहायला गेले. (हेरगिरी करायला नव्हे, आईची पाण्याची बाटली घरी राहिली होती. ती घरी राहावी याची थोडी काळजी मी घेतली होती, एवढेच.) दालनात घामाचा आणि रबरी चटयांचा वास होता, आणि बायका इतक्या हसत होत्या की मला वाटले आपण चुकून कोणाच्या तरी लग्नघरात आलो. कोचबाईंनी मला दारातच पकडले. "तू हिची मुलगी ना? ये, ये, बस खाली." बसले. "आता हात न टेकता ऊठ." मावशी, मी प्रामाणिक प्रयत्न केला. आधी डावीकडे कलंडले, मग उजवीकडे, आणि शेवटी गुडघ्यांवर येऊन थांबले. मग त्यांनी मुठीचा जोर मोजण्याचे यंत्र माझ्या हातात दिले.

"जोर लाव."

"लावलाय."

"कधी?"

शिंपीणकाकूंनी आकडा वाचला आणि आईला हाक मारली, "अहो, ही तर तुमच्यापेक्षा म्हातारी निघाली!" सगळ्या जणी हसल्या. आईसुद्धा हसली, किंबहुना आईच सर्वांत मोठ्याने हसली. त्यानंतर जोड्यांचा व्यायाम होता. दोघींनी समोरासमोर उभे राहून एकमेकींचे हात धरायचे आणि एकदमच खाली बसून एकदमच उठायचे. आईने न बघताच हात पुढे केले, आणि शिंपीणकाकूंनी न बघताच ते धरले. मी विषम संख्येतली उरले होते. मला भिंत मिळाली.

आता मुद्द्याचे. या वर्गाची तीन दिवसांची सहल निघाली आहे, डोंगरावरच्या एका तळ्याकाठी. आईने बुटांच्या नाड्या बांधता बांधता मला विचारले, "येतेस का गं? घरच्यांनाही आणता येतं." मी म्हणाले, "मला मुद्रिते तपासायची आहेत." आई म्हणाली, "बरं." तुला यात काही विशेष वाटणार नाही, कारण आमची पद्धत तुला ठाऊक नाही. मी लहान असल्यापासून आई मला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारते. पहिल्या वेळी मी नाही म्हणते, दुसऱ्या वेळी गप्प बसते, आणि तिसऱ्या वेळी हो म्हणते. त्या दिवशी ती 'बरं' म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिच्या पायांचा आवाजसुद्धा आनंदी होता. निरोगी माणसाला तीनदा विचारण्याची गरज भासत नाही, असे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. मी तिन्ही पुन्हा चाळून पाहिले.

असो. मी मत्सरी आहे असा तुझा समज होऊ नये. आईचे बरे होणे ही अत्यंत समाधानाची गोष्ट आहे, असे मी रोज स्वतःला सांगते, आणि तूही कधीतरी सांगत जा. मान जपावी, काकांना माझा नमस्कार, आणि डबे आता वरच्या फळीवर ठेवून बघ.

तुझी,
भिंतीशी जोडी लागलेली भाची

ता. क. १ : ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते राहूनच गेले. सहलीची नावे गुरुवारी पक्की होणार आहेत. तू त्याआधी आईला फोन कर आणि माझे नाव न घेता, आपल्या मनाने सुचल्यासारखे, "पोरीला घेऊन जा गं बरोबर, बसून बसून हाडं ठिसूळ होतील तिची" असे सांग. तू धाकटी असलीस तरी ती तुझे ऐकते. 'मला तुझ्याबरोबर यायचे आहे' हे वाक्य मला लिहिता येते. म्हणता येत नाही.

ता. क. २ : फोन करू नकोस. पाकीट चिकटवत असताना आई बाहेर निघाली होती, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निसटले, तेही कर्म-क्रियापदाविना. मी म्हणाले, "मलापण." आई म्हणाली, "काय तुलापण?" मी म्हणाले, "तळं." ती दारातच थांबली. "अगं मग तेव्हाच बोलायचं की! मला वाटलं, आता आईच्या मागे मागे फिरायचा कंटाळा आला असेल तुला. शनिवारची पुस्तकंसुद्धा मुकाट्याने एकटी बदलून आणतेस." एवढे बोलून तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. (ती लागली. तिच्या हातात आता बराच जोर आहे.) माझे नाव घातले गेले आहे.

ता. क. ३ : फोन कर. खोल्यांची वाटणी आत्ताच कळली. आई शिंपीणकाकूंबरोबर आहे. मला कोचबाईंच्या सासूबाई मिळाल्या आहेत. त्या ऐंशीच्या पुढच्या असून उजाडायच्या आत बैठका काढतात, आणि खोलीत जो कोणी असेल त्यालाही काढायला लावतात असे समजते. तेव्हा खोल्यांचा विषय सहज निघाल्यासारखा काढ. शिंपीणकाकू घोरतात असे तुझ्या कानावर आले आहे, असे सांगितलेस तरी चालेल. ते आता तुझ्या कानावर आलेलेच आहे. मला आईच्या शेजारची खाट हवी आहे. बाकी संप्रेरकांचे काय ते डॉक्टरबाई बघून घेतील.