समोरून पूर्ण उघडणारा नमुना

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. औषधांच्या दुकानात आता मला गल्ल्यावर बसवतात, म्हणजे दिवसभर माणसांच्या तोंडासमोर. म्हटलं, तुझ्याकडून एक शर्ट ड्रेस शिवून घ्यावा. सासूबाई म्हणतात, कॉलर उभी आणि बंद असू दे, बाह्या मनगटापर्यंत. माझं मागणं एकच. बटणं गळ्यापासून खालच्या काठापर्यंत हवीत, समोरून पूर्ण उघडणारा नमुना घे. डोक्यावरून घालायचा नको. नमुना निवडताना तू आपलंच घोडं पुढे दामटतेस, म्हणून पुन्हा सांगते.

माप जुनंच धर. यांची कामावरून यायची वेळ झाली, आवरतं घेते. भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

ता. १५ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या? लहानपणी बाह्यांचा झगा घातला की घर डोक्यावर घ्यायचीस. लग्नानंतर माणूस बदलतो म्हणतात, पण इतका? तुझे भावजी म्हणाले, औषधांच्या दुकानात पंखा गार असेल. त्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं.

दोन्ही नमुने टेबलावर मांडून पाहिले. तुझा तो पूर्ण उघडणारा मला पसंत नाही. बसलं की पोटाशी दोन बटणांमध्ये फट पडते, आणि उभं राहिलं की कंपाउंडरचा कोट. म्हणून मी दुसरा घेतला. छातीपर्यंतच बटणपट्टी, वरून घातला की कमरेत असा बसतो की बघत राहावं. डोक्यावरून घालायला दोन क्षण लागतात, एवढा कसला आळस? निळं सुती कापड आहे. कॉलर आणि बाह्या मात्र तुझ्या सासूबाईंच्या हुकमाप्रमाणे.

रुसू नयेस म्हणून तुझ्या आवडीच्या नमुन्याचा कागदही पुडक्यात घडी करून टाकलाय. सासूबाईंकडे मशीन आहे, हौस असेल तर शीव. ड्रेस घालून कसा दिसला ते लगेच कळव. माया आहे तशीच राहू दे, नमुन्यावरून भांडू नकोस.

तुझी,
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. तू विचारलंस म्हणून सांगते. ड्रेस सुंदर होता.

माझा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता, आता तर हलतही नाही. दिवाळखोर माणूस घरातलं मिळेल ते मोडीत काढतो, तसा माझा नवरा राग आला की हाताला येईल ते मोडतो. जानेवारीत त्याने माझा हात पाठीमागे पिरगळला, खांद्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. कॉलर आणि बाह्या कशासाठी, ते आता तुला सांगायला नको. लाज वाटत होती, म्हणून बटणांवर भागवलं.

ड्रेस डोक्यावरून घातला आणि अडकले. डावा हात बाहीत, उजवा खाली, तोंड कापडात. तेवढ्यात तो आला. नटणं कोणासाठी चाललंय, असं त्याने विचारलं आणि पट्टा काढला. ताई, मार मी आधीही खाल्लाय, पण तेव्हा तो येताना दिसतो, अंग चोरता येतं. या वेळी कुठून येतोय ते कळत नव्हतं. कापडातून श्वास घेत होते, तोंडात रक्त येत होतं आणि कापड ओलं होऊन नाकाला चिकटत होतं. पट्ट्याचं बक्कल कपाळावर बसलं तेव्हा पडले. मग तो लाथा घालत राहिला. तो दमल्यावर सासूबाईंनी ड्रेस फाडून मला बाहेर काढलं.

तुझी चूक नाही. तुला माहीतच नव्हतं. तो रात्री रडला, पाया पडला. तू येऊ नकोस, आलीस तर पुन्हा सुरू होईल. ताई म्हणायला मला तू एकटीच आहेस, लोभ कमी करू नकोस.

बारकी

ता. २८ मार्च

चि. बारके,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ. तुला कापडात कोंडून त्याच्या पुढ्यात टाकलं ते मी. दोनदा सांगितलंस, आणि मला तुझी कंबर दिसत होती.

शुक्रवारी सकाळी तो कामावर गेला की आम्ही दोघं गाडी घेऊन येतो. सामान काही नको. अंगावरच्या कपड्यांनिशी निघ. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तूच ठरव. त्याच्या रडण्यावर जाऊ नकोस, मगरही रडते. शुक्रवारपर्यंत जिवंत राहा, एवढं माझं ऐक.

ताई

ता. ६ एप्रिल

चि. बारकीच्या ताईस आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा मला पोलिसांनी नेलं होतं. तू दारात बघितलंस ते रक्त कसं सांडलं, हे तुला माझ्याकडून कळावं.

निघायचं तिने मला सांगितलं होतं. मी हो म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा कशाला तरी हो म्हणाले. हात वर न करता घालता येईल असा धड कपडा तिच्याकडे नव्हता, तुम्ही येईपर्यंत निदान कापून द्यावा म्हणून पुडक्यातला तो दुसरा नमुना काढला. कागद चुरगळला होता, कापड कापायच्या आधी त्यावर इस्त्री फिरवत होते. मुलगा काहीतरी विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. तिच्या पायात चपला बघितल्या आणि त्याला कळलं. तिला भिंतीशी दाबून त्याने गळा धरला. मी सोड म्हणाले. तो वळला नाही. तिचे डोळे पांढरे झाले, पाय जमिनीवरून सुटले. मी इस्त्री त्याच्या डोक्यात घातली. तो खाली पडून पुन्हा तिच्या पायाला झोंबला, तेव्हा आणखी घातली. केस जळल्याचा वास आला. माझ्या पोटचा होता, आणि मी थांबले नाही.

त्याचा बापही असाच होता. बंद कॉलरीचा सल्ला तिला मी दिला, कारण मला दुसरा उपाय कोणी शिकवलाच नाही.

आता कामाचं. हॉस्पिटलातून तुझी बहीण सांगतेय की इस्त्री तिने मारली. म्हातारीला तुरुंगात कशाला, असं तिचं म्हणणं आहे. तिला ते करू देऊ नकोस. मी पोलिसांना खरं लिहून दिलंय आणि त्यावरून हलणार नाही. पण ती खोटं बोलत राहिली तर दोघी अडकू. तिला फक्त एवढंच सांगायला लाव, की तो काय करत होता.

कोर्टात जाताना तिला एक ड्रेस शिवून दे. समोरून पूर्ण उघडणारा. बाह्या कोपराच्या वर आणि गळा उघडा ठेव, लोकांना दिसू दे. या वेळी माप नवं घे, ती फार वाळली आहे.

माझ्यावर लोभ ठेव म्हणत नाही. माझा मुलगा गेला, त्याला रडायला मला इथे कोठडीत जागा आहे. सून तेवढी सांभाळ.

बारकीची सासू