कणगीला ताप आला

सायखेडा,
ता. १९ जानेवारी १९३६

सौ. चंद्रभागा हीस धोंडीरामचे आशीर्वाद. चि. रंगनाथ, पत्र बहिणीला तूच वाचून दाखवणार, तेव्हा तुलाही आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. गाय व्याली, कालवड झाली. थंडी मात्र यंदा हाडं फोडणारी आहे.

तू मनमाडला माहेरी गेलीस त्याला आज बेचाळीस दिवस झाले. मी मोजत नाही, आबा मोजतात. बियाण्याची बाजरी कणगीत भरायची की आणखी दोन दिवस उन्हात ठेवायची, एवढ्यावरून कोणी घर सोडतं का? तू म्हणालीस ओली आहे, मी म्हणालो वाळली आहे. "बाईमाणसानं चुलीपुरतं बोलावं," हे जरा जास्त झालं असेल. गावात मी सांगितलंय की रंगनाथच्या घरी बाळंतपण आहे. त्याचं अजून लग्नच झालेलं नाही हे भागीबाईच्या ध्यानात आलं, तेव्हा फार पंचाईत झाली. रंगनाथ, राग मानू नकोस.

आता कणगीची हकीकत ऐक. तू गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आबा सहज तिला पाठ टेकून बसले आणि ओरडले, "धोंड्या, आरं ही ऊन लागती हाय!" खरंच लागत होती. तीन दिवसांत आबांची धरलेली कंबर सुटली. मग भिमाजी गुडघे घेऊन आला, भागीबाई खांदा घेऊन आली. माझ्याच घरात मला टेकायला जागा मिळेना. भागीबाईनं तर कणगीला हळदकुंकू वाहिलं, आणि मीही आल्या-गेल्याला ऐटीत सांगू लागलो की आमच्याकडे देव उतरलाय. ती का तापली, हे कोणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

गेल्या सोमवारी शेतकी खात्याचे साहेब गावात आले. त्यांनी आबांना बाजूला केलं, कोपरापर्यंत हात बाजरीत घातला, मूठभर काढून हुंगली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तुझीच आठवण झाली.

म्हणाले, "बी जिवंत असतं, श्वास घेतं. कोरडं असलं की झोपल्यासारखं, अगदी हळू. ओल राहिली की भराभर घेतं, त्यानं तापतं, त्यातून आणखी ओल सुटते, मग आणखी तापतं. शेवटी आपल्याच उष्णतेनं मरतं."

आबा म्हणाले, "म्हंजी माझी कंबर बाजरीच्या धापंवर शेकत व्हती?"

साहेब हो म्हणाले.

"मग आनखी दोन दिस धापू द्या की!"

सगळे हसले, मीही हसलो. पण साहेबांनी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायला लावले. चौथ्या दिवशी सोडलं तर मोड एकोणीस. पुन्हा मोजले, तर अठराच भरले. चंद्रा, आबांनी बारा वर्षं कणसं निवडून निवडून राखलेलं बी होतं ते. तेव्हापासून आबा थंडीतही ओट्यावर बसतात, कणगीकडे फिरकत नाहीत. मला फार वाईट वाटतं.

पेरणीपुरतं बी नजीरभाई देतो म्हणालेत. म्हणजे बियाण्याचं निमित्त सांगून तुला बोलावण्याची सोयही राहिली नाही.

रंगनाथ, इथून पुढं मनात वाच. पण मग तिला कळणार कसं? बरं, वाच मोठ्यानं. बाजरी भरली त्या दिवशी कचेरीत काम आहे म्हणून सांगून गेलो, पण काम काहीच नव्हतं. नाशकात बोलपट आला होता. बाजरी अंगणात पसरलेली असताना आबांनी मला जाऊ दिलं नसतं, म्हणून घाईनं भरली आणि गेलो. दोनदा पाहिला.

आणखी एक राहिलंय. तू दाणा दाताखाली धरून मला दाखवलास ना, त्या आधी सकाळीच मीही एक चावून पाहिला होता. वाळला असता तर कट्कन फुटला असता. तो चेपला. बाजरी ओली आहे हे मला तुझ्याआधी ठाऊक होतं, आणि तरी चारचौघांत तुलाच खोटं पाडलं.

आबांना यातलं काही माहीत नाही. ते अजून या साऱ्याबद्दल पावसाला शिव्या देतात. त्यांना सांगायचंच आहे, पण एकट्यानं तोंड उघडत नाही. तू शेजारी उभी राहिलीस तर सांगेन. ये.

तुझा खोटारडा,
धोंडीराम