गरम होते म्हणे

सर,

आज माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात होलसेलवाल्यांचा माणूस आला होता. म्हणाला, "भाऊ, आता दुसऱ्या कंपनीचाच प्रोसेसर ठेवा. मोठ्या कंपनीचा बाजार उतरून राह्यला. पोट्टे आता दुसरीचंच नाव घेऊन मागतात." दोन वर्षांपूर्वी हाच माणूस याच स्टुलावर बसून त्या दुसऱ्या कंपनीला नावं ठेवत होता. मी विचारलं, "काऊन जी, मग आता काय झालं?" तो नुसता हसला. असा हसणारा माणूस मला पटत नाही. कधी वाटतं, प्रोसेसर बनवणाऱ्या या दोन्ही कंपन्या आतून एकच असतील आणि भांडण आपल्याला दाखवण्यापुरतं असेल. नव्या खोक्याचं सीलही मी टॉर्च मारून तपासतो. बायको म्हणते, "उद्या माह्या हातच्या चहालेही सील लावा लागन."

तुम्ही असे नव्हते. स्टेशनजवळच्या तुमच्या दुकानात मी काम शिकलो. प्रोसेसर हातात घेतला की तुम्ही ओरडायचे, "कडेनं धर, पिना वाकतीन." तुम्ही दुसऱ्या कंपनीचाच माल जास्त विकायचे. काम तेवढंच आणि भाव कमी. म्हणायचे, "एकच कंपनी उरली तं ते म्हणन तो भाव. दोघी जगल्या पाह्यजे." मी बोरगाव मेघेला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा तुम्ही तुमचा स्क्रूड्रायव्हरचा संच मला देऊन टाकला. मला त्यातही शंका आली, की सर नवा संच घेणार असतील म्हणून जुना देताहेत. तुम्ही नवा घेतलाच नाही.

पहिलं मोठं गिऱ्हाईक सिंदीचा कापसाचा व्यापारी. त्याच्या पेढीवर मी तुमच्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर घालून मशीन बसवलं. एप्रिल महिना, आणि मशीन अर्ध्या तासात बंद पडायचं. शेठ चार लोकांसमोर म्हणाला, "हा काय डब्बा देला तू मले?" मला लाज वाटली आणि रागही आला. मी म्हणून गेलो, "शेठ, माझं काम बरोबर आहे. त्या कंपनीचा प्रोसेसरच गरम होतो." शेठनं ते बाजारात चहा पिता पिता सांगितलं. महिन्याभरात हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत जो तो तेच बोलायला लागला. गिऱ्हाइकं तुमच्या दुकानात जाऊन विचारायची, "गरम होते म्हणे?" आणि तिथून उठून माझ्याकडे यायची. मी मोठ्या कंपनीचा माल भरला होता. दुकान जोरात चालायला लागलं.

एका दुपारी तुम्ही स्वतः आलात. बाकावर बसलात, पाणी प्यालात. मला वाटलं, भांडायला आले. तुम्ही एवढंच विचारलं, "तू उघडून पाह्यलं होतं काय रे?"

"हो सर. सगळं बरोबर होतं. प्रोसेसरच गरम होते."

"असन मंग. तू पाह्यलं म्हणजे झालं."

तुम्ही दुसऱ्या कंपनीचा माल मागवणं बंद केलं. मोठ्या कंपनीचा माल माझ्याकडे आधीच होता आणि गिऱ्हाइकंही माझीच झाली होती. दोन वर्षांत तुमचं दुकान बंद झालं. पुढे तुम्ही वारलात त्या दिवशी लोक म्हणत होते, मोठ्या कंपनीनं सरांना खाल्लं. मीही मान हलवली.

सर, मी उघडून पाहिलं होतं हे खरं आहे. तुम्ही यायच्या आठ दिवस आधी. प्रोसेसरवर बसतो त्या कूलरच्या, म्हणजे पंख्याच्या, बुडाला प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असते, कूलर बसवताना ती काढायला मी विसरलो होतो. प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नव्हती. मी ती सोलून काढली आणि मशीन दिवसभर बिनबोभाट चाललं. शेठला सांगितलं, पंखा बदलला. त्यानं ते मशीन पुढे कितीतरी वर्षं वापरलं. जगाच्या मालाचं सील तपासणारा मी, आणि माझ्यावर शंका घ्यावी असं तुमच्या मनातही आलं नाही.

हे पत्र पाठवायचंच तर तुमच्या मुलीकडे पाठवता येईल. ती वर्ध्यातच आहे, घर मला माहीत आहे. पण पाठवणार नाही. मागच्या दिवाळीत ती माझ्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला आली होती. मी दोन्ही कंपन्यांचे दाखवले. ती म्हणाली, "दुसरीचा नको काका. बाबा सांगायचे, ते गरम होते." मी मोठ्या कंपनीचा खोक्यात भरला आणि तिच्या गाडीपर्यंत नेऊन दिला.