परात आणि चाळीस सायकली

तिसगाव, ता. ३० मार्च १९७१

प्रिय सूर्यभान,

गोरक्षाचं आणि पत्र, म्हणून आधी पाकीट उलटंपालटं करशील. सहावीत मास्तरांनी निबंध घातला तेव्हा मी दप्तरासकट यात्रेला गेलो तो गेलोच, हे तुला ठाऊक आहे. असो. तुझ्या दुकानाची सायकल धड आहे. फक्त घंटी नाही. ती कुठं गेली ते सांगतो, पण मध्येच दुसरं आठवलं.

मागच्या वर्षी आपण पाचच जण होतो ना? राहुरीच्या रस्त्यानं गारांच्या ढगामागे सायकली हाणल्या, तू टोपीत गारा भरल्यास आणि श्रीरामपूरला दाखवायला गेलास तर टोपी नुसती ठिबकत होती! त्या टोपीची गोष्ट इतकी पसरली की यंदा चाळीस सायकली ट्रकवर लादून आपण इकडं आलो. कुणाकडे ट्रान्झिस्टर, कुणाकडे भेळ. वादळ राहिलं बाजूला, वऱ्हाडच निघालं.

ज्या टेकडीकडे आपण शर्यत लावली, तिथं इथल्या एक आजी, झुंबरबाई, बसल्या होत्या हे आपल्याला कुठं माहीत! मळणीच्या दिवसांत इथं रोज दुपारी कुणीतरी पाळीनं टेकडीवर बसतं, पितळी परात घेऊन. वादळ दिसलं की परात बडवायची. खालच्या वस्तीनं ऐकली की तिनं आपली बडवायची, अशा सहा वस्त्या. पगार नाही, काही नाही. झुंबरबाईंनी लांबून धुळीचा लोट बघितला आणि बडवली. सहाही वस्त्यांनी बैल सोडले, ज्वारी झाकली, एका म्हाताऱ्यानं तर आपली खाट राशीवर उलटी घातली. आणि लोटातून निघालो आपण, घंट्या वाजवत. तू हसून हसून पडलास. मीही हसलो. मग तुम्ही गेलात, माझी ट्यूब फाटली म्हणून मी राहिलो. (ट्यूब तुझ्याच दुकानातली, पुढं बोलत नाही.) झुंबरबाईंनी पान्हा मागवला आणि पहिलं काय केलं, तर घंटी काढून पदराला बांधली. म्हणाल्या, "वादळाला घंटी नसती रं, बाबा."

चौथ्या दिवशी घाटाकडून खरा ढग आला, तळाशी हिरवट. झुंबरबाईंनी परात बडवली, पण खाली बैल फिरतायत ते फिरतायतच. एकजण वर बघून ओरडला, "सायकली आल्या आसतील, आजे! च्या टाका त्यास्नी!" बाईंचा हात तसाच वर राहिला. त्यांचा चेहरा बघितला आणि मी टेकडी पडत-झडत उतरलो. खळ्याखळ्यावर बोंबललो, "मीच तो सायकलवाला! सायकल वर पडलीया, ढग खरा हाय!" एवढ्या लोकांनी माझं ऐकायची ही पहिलीच वेळ. चार खळी झाकली. पाचवं, मालनबाई म्हणून आहेत त्यांचं, राहिलं. त्या आणि मी ताडपत्रीला लोंबकळत होतो, वाऱ्यानं दोन कोपरे काढून घेतले. गारा म्हणे लिंबाएवढ्या होत्या. मला एकही दिसली नाही, नुसत्या पाठीत बसल्या. निम्मी रास काळी पडली. दोन दिवसांनी मालनबाईंनी त्याच ज्वारीची भाकरी वाढली. "खा, तुज्या सायकलींचा परसाद हाय." मान खाली घालून खाल्ली. तिसरी मागितली तेव्हा कुठं त्या हसल्या.

आता पत्राचं कारण. ट्रकवाला छगन सांगून गेला, की येत्या रविवारी तू दोन ट्रक भरून येतोयस. रविवारी मालनबाईंच्या उरल्या कणसांची मळणी आहे आणि परातीची पाळी माझी. होय, माझी! रस्त्यावर धूळ उठली तर मी काय करू? बडवली आणि धुळीतून तूच निघालास, तर पुन्हा कुणी जागचं हलणार नाही. नाही बडवली आणि धुळीमागं ढग असला, तर? तेव्हा ट्रक नको. दोघांना घेऊन एसटीनं ये. ताडपत्रीला चार कोपरे असतात, एक मालनबाई धरतील. आणि टेकडी पायी चढून आलास, तर घंटी त्या तुझ्याच हातात देतील, असं झुंबरबाईंनी सांगितलंय.

तुझाच, अजून एकाच गावात टिकलेला,
गोरक्ष