सिद्धूच्या चेहऱ्यावरचं तेज

४ फेब्रुवारी, रविवार
दादा सकाळीच फिल्टर घेऊन हजर! लेन्सवर फिरवून बसवायची गोल काच. त्याच्या लेकीचा, सिद्धूचा फोटो बार्शीच्या स्थळाला पाठवायचाय आणि बरा कॅमेरा घरात माझाच.
"ही लाव वैजू. चेहरा मऊ येतोय. मुरमं दिसत न्हाईत."
हे खोटं आहे, म्हटलं.
"मग तिला पावडरबी लावू नको म्हणू का?"
पावडर चेहऱ्यावर, काच लेन्सवर — खोटेपणा नेमका कुठून सुरू होतो?

६ फेब्रुवारी
ठरलं. काच नाही! लेन्सला ओरखडे पडू नयेत म्हणून कायम असते ती साधी काचही काढून ठेवली. दुकानदार म्हणतो ती हवीच, आमच्या कॉलेजातले सर म्हणतात निव्वळ अडगळ. असो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

११ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर फोटो काढला. त्याआधी मी खाली खुर्ची आणायला गेले, तेवढा वेळ कॅमेरा सिद्धूकडे. ती भाकरी-शेंगाचटणी खात होती. उन्हात स्क्रीनवर धड काही दिसेना. दादाला धीर कुठला? फोटो लगेच बार्शीला!

१२ फेब्रुवारी
फोटो मोठा करून पाहिला. अरे देवा! पोरगी दुधातून काढल्यासारखी. मुरूम एक नाही. लेन्सवर मधोमध तेलकट बोट! वास घेतला — शेंगाचटणी.
साधी काच असती तर लेन्स वाचली असती. फोटो मात्र असाच आला असता. मग माझ्या तत्त्वानं वाचवलं काय?

१४ फेब्रुवारी
बार्शीकर खूश. "मुलीच्या चेहऱ्यावर काय तेज आहे हो!" रविवारी बघायला येणार. वहिनीचे डोळे भरून आले. दादा मला म्हणतो, "बिनफिल्टरचा असला आलाय, फिल्टर लावला असता तर देवीच दिसली असती की!"
'ते तेज नसून शेंगदाण्याचं तेल आहे' — बार्शीकरांना असा मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. निदान सिद्धूला तरी खरं सांगायला हवं.

१५ फेब्रुवारी
सिद्धूला सांगितलं. लेन्सला बोट लागलं होतं, मी पुसायला हवी होती, माफ कर.
ती खाली बघत म्हणाली, "आत्या, मीच लावलं. मुद्दाम. फोटो खराब आला की ते नको म्हणतील, असं वाटलं. मला हे लग्न नकोय."
आणि मी इतके दिवस दुकानदाराला विचारलं, सरांना विचारलं!
दादाकडे निघालेय.