तांब्याचं तोंड

मंगळवार, संध्याकाळ

चित्रकलेच्या वर्गाचा आज तिसरा दिवस. समोर स्टुलावर तांब्या आणि दोन पेरू. पेरू जमले, पण तांब्याचं तोंड जमेना. मी काढतो ते ताटासारखं गोल, आणि कागदावर बघावं तर चपटं! यंत्रमागावर धोटा उडून माझा डावा डोळा गेला, त्याला बारा वर्षं झाली. एका डोळ्यावर हे जमेल का, हेच डोक्यात.

तेवढ्यात मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि मोजा." मी तसाच बसलो. त्या जवळ आल्या.

"काका, डोळा मिटा ना."

"एक कायमचाच मिटलाय की, मॅडम."

त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, "मग मोजा की!"

मोजलं. तोंडाची रुंदी बोटभर, उंची जेमतेम नखाएवढी. इतकी कमी? परत मोजलं, तेवढीच. तसंच काढलं, तर तांब्याचं तोंड उघडलं! आत हात घालावा असं.

घरी आल्या आल्या सुमनला सांगितलं. तिनंही पेन्सिल धरली, एक डोळा मिटून पातेलं मोजलं. मोजून झालं तरी डोळा उघडेना.

"तुमाला असं दिसतं व्हय?"

बायकोनं हे बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आणि मला सांगता येईना. दोन डोळ्यांनी कसं दिसायचं, तेच आता आठवत नाही.