अप्पांचा फेटा आणि लाल गांडुळं

अप्पा,

तुमचा फेटा मी गांडुळांवर पांघरलाय. तोच, अबोली रंगाचा, सुती, दूध संस्थेच्या सभेला आणि लग्नाकार्यात तुम्ही बांधायचात तो. खळ आणि रंग निघून जाईपर्यंत चारदा धुतला, मग भिजवून घट्ट पिळला, आठ पदरी घडी घातली आणि पेटीत शेणखतावर अंथरला. वरून ओल टिकायला काहीतरी लागतं. गोणपाट चाललं असतं, आणि गोणपाट घरात होतंही. पण मला फेटाच घालायचा होता, आणि हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतं.

तुमच्या तो दिवस लक्षात राहिला होता का, मला ठाऊक नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कोडोलीच्या घरी मागच्या दाराशी, न्हाणीच्या भिंतीला लागून माझा पत्र्याचा डबा असायचा, गोड्या तेलाचा, वरून कापलेला. प्राणिशास्त्राच्या बाईंनी ओल्या फडक्यात बांधून मूठभर लाल गांडुळं दिली होती आणि सांगितलं होतं, काय घातलंस, किती दिवसांत संपलं, रोज लिहून ठेव. मी लिहीत होते. मेथीची देठं, केळीची साल, चहाचा चोथा. लिंबाची साल घातली की ती कडेला पळायची, तेही लिहिलं होतं. तीन महिने झाले तरी घरात कुणाला वास आला नव्हता, कारण वास येतच नव्हता. मुठीच्या तीन-चार मुठी झाल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या घरात ती एकच गोष्ट होती जी मी लावली होती आणि जी माझ्या हातानं वाढत होती.

त्या रविवारी कागलकडचे पावणे मला बघायला आले. पोहे देऊन झाले, नाव सांगून झालं, आणि त्यांच्यातली एक बाई हात धुवायला मागे गेली. तिनं डब्यावरचं झाकण का उचललं देव जाणे. किंचाळली. तुम्ही मागच्या दारात येता, डोक्याला फेटा आहे, मागोमाग सगळे पावणे. मी डब्यापुढे उभी आहे.

"ह्ये काय हाय गं?"

"गांडुळं. माझ्या अभ्यासाची."

मागून पावण्यांतलं कुणीतरी हसलं. "पावणं, पोरगी गांडुळं पाळतीया व्हय? आमच्याकडं म्हशी हायत, चालतील का बघा तिला." सगळे हसले. तुम्हीही हसलात, तोंडानं. ते लोक अर्धे पोहे तसेच ठेवून गेले. त्यांची जीप गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तुम्ही दारात हात जोडून उभे होता. मग आत येऊन दादाला म्हणालात, "बंबातलं पानी आण." दादानं बादली आणली. त्याच्या हातून तुम्ही ती घेतलीत आणि मला म्हणालात, "धर डबा." मी धरला. तुम्ही ओतलंत. ती सगळी एकदम उसळून वर आली आणि मग काहीच हललं नाही. पत्रा तापला तरी मी डबा सोडला नाही, कारण सोडला असता तर ते पाणी माझ्या पायावर आलं असतं. तुम्हाला हे दिसत होतं, अप्पा. तुम्ही बादली रिकामी होईपर्यंत थांबला नाहीत.

"फेट्याची लाज काढलीस माझ्या," तुम्ही म्हणालात. "बास झालं कॉलेज." माझी वही बंबाच्या जाळात गेली. आठवड्यानं बाई स्वतः एसटीनं घरी आल्या. पोरगी हुशार आहे, निदान वर्ष तरी पुरं करू द्या, म्हणाल्या. तुम्ही त्यांना पाटावर बसवलंत आणि म्हणालात, "बाई, च्या घ्या आन जावा. आमच्या घरचं आमाला कळतंय की." मी स्वयंपाकघरात होते. तो चहा मीच केला होता. बाईंनी कप तसाच ठेवला, आणि जाताना आत वळून पाहिलं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

पुढच्या वर्षी लग्न झालं. स्थळ तुम्ही चांगलं शोधलंत. हे मी श्रेय म्हणून लिहीत नाही, नुसतं खरं म्हणून लिहिते. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला, माणूस शांत. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर दादानं विचारलं, अप्पांचं काय पाहिजे तुला. घड्याळ होतं, काठी होती, चष्मा होता. मी म्हणाले, फेटा. आत्तीनं मला जवळ घेतलं आणि हुंदका दिला, "बापाची माया बघा लेकीला." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले आणि मला रडू आलं नाही. एकोणीस वर्षं तो माझ्या कपाटात होता. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. तो पुन्हा कुणाच्या डोक्यावर बसू नये, एवढंच ठरलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर, मुलगी शिकायला पुण्याला गेल्यावर, मी गच्चीवर टाकीच्या सावलीत पेटी केली. ह्यांनी बाजारातून फळांचा प्लास्टिकचा क्रेट आणला. तळाला आणि कडेला जाळी लावली, म्हणजे हवा खेळते आणि पाणी साचत नाही. खाली नारळाच्या शेंड्या, मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मग पंधरा दिवस निवलेलं शेण. ताजं घातलं तर ते आतून तापतं आणि गांडुळं मरतात. ऊन लागलं तरी मरतात. उष्णतेचं मला कुणी शिकवायला नको होतं. क्रेट विटांवर ठेवला आणि विटा पाण्याच्या ताटल्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. गारगोटीच्या एका शेतकऱ्याकडून किलोभर गांडुळं आणली. पहिल्या महिन्यात मी हावरटासारखं खायला घातलं, सगळं आंबलं, चिलटं झाली. मग कागद वाढवला, ओलं कमी केलं, आणि वास गेला. एक दिवस खतात मोहरीएवढे पिवळे दाणे दिसले. अंडी. त्याच दुपारी मी कपाट उघडलं आणि फेटा धुवायला काढला.

सुती कापडही ती खातात, अप्पा, सावकाश. चार महिन्यांत खालचा पदर चाळणीसारखा झाला. रोज सकाळी मी घडी उचलायची, खाली गांडुळं एकमेकांत गुंतलेली असायची, भाजीचा चोथा घालायची आणि घडी परत ठेवायची. मला बरं वाटायचं. लपवत नाही, फार बरं वाटायचं.

मग दादाचा फोन आला. दूध संस्थेला पन्नास वर्षं होतायत, कार्यालयात अप्पांचा फोटो लावणार, फोटोवर त्यांचाच फेटा ठेवायचाय, घेऊन ये.

"न्हाय देता यायचा," मी म्हणाले.

"का?"

"गांडुळांच्या पेटीत हाय."

दुसऱ्या दिवशी तो कोडोलीहून मोटरसायकलवर आला. पाणीसुद्धा न घेता गच्चीवर गेला. मी घडी उचलून दाखवली. तुकडे पडले, त्यांना चार-पाच गांडुळं लोंबत होती.

"बापाचा फेटा हाय त्यो!" तो ओरडला. शेजारच्या गच्चीवरची बाई आत गेली. "डोकं फिरलंय का तुझं? शरम हाय का न्हाय?"

"बादली कुणी आणली होती, दादा?"

तो टाकीच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "मी वीस वर्षांचा हुतो. त्यांनी सांगितलं, मी आणली." पेटीकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आगं, पन मग इतकी वर्सं का थांबलीस? ह्येच करायचं हुतं तर कवाच करायचं की."

"जागा नव्हती," मी म्हणाले.

त्यानं महाद्वार रोडवरून बांधलेला फेटा विकत घेतला आणि समारंभात तोच तुमच्या फोटोवर ठेवला. मी पहिल्या रांगेत बसले होते. सत्कारमूर्तींपैकी एक म्हातारे माइकवर म्हणाले, "ह्याच फेट्यात अप्पा सभेला यायचे, आजबी डोळ्यापुढं हाईत." दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पदर तोंडाला लावला, आणि सगळ्यांना वाटलं लेक रडतेय. घरी येऊन त्या दिवशी मी दोन वाट्या साखर घालून शिरा केला.

एवढं लिहून इथेच थांबणार होते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, त्यामुळे तुम्हाला हरवून थांबायला काही हरकत नव्हती. पण दादाशी मी खोटं बोलले. गच्ची पहिल्यापासून होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी विचारलं होतं, कॉलेज पुरं करतेस का, फॉर्म आणतो. मी म्हणाले, अप्पांना चालणार नाही. तुम्ही गेल्यावर वर्षभरानं ह्यांनी परत विचारलं.

तेव्हाही मी तेच म्हणाले.